साहेबाचा विनोद आणि आमची तक्रारवही

इंग्रजांबद्दल माझ्या मनात बरेच राग आहेत. ते सगळे शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून आलेले आहेत आणि मी ते नीट सांभाळून ठेवले आहेत. पण तोंडावरची माशी हलू न देता विनोद करावा तो साहेबानेच, हे मी हात जोडून कबूल करतो.

आपल्याकडे विनोद झाला की तो झाला हे चारचौघांना कळवायची पद्धत आहे. मागून ढोलकी वाजते, नट डोळे वटारतो, समोर बसलेले पाहुणे खुर्चीतून खाली पडल्यासारखं करतात. साहेबाचा नट पावसात छत्री घेऊन उभा राहतो. छत्री उघडत नाही. तो छत्रीकडे बघतो, मग आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, "अच्छा." संपला विनोद! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी टीव्ही बंद करून दहा मिनिटं नुसता बसून होतो.

मी रंगनाथ गायधनी. नाशकात एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर सत्तावीस वर्षं आहे. आलेल्या पत्राला नंबर घालायचा, गेलेल्या पत्राला नंबर घालायचा. अशा माणसाला इंग्लंडच्या जुन्या विनोदी मालिकांचा नाद कसा लागला ते विचारू नका. लागला. इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे जगभरचे प्रेक्षक या मालिकांवर आणि सिनेमांवर आपली मतं लिहितात. खरं सांगायचं तर मालिकांइतकाच मी त्या मतांवर फिदा आहे. बर्नार्ड नावाचा एक निवृत्त बस ड्रायव्हर आहे, लीड्सचा. माझ्या सर्वात लाडक्या मालिकेवर त्याचं मत दोन शब्दांचं आहे: "वाईट नाही." त्याखाली दुसऱ्या एकाने लिहिलंय, "जरा अतीच झालं, बर्नार्ड." तेव्हा मला कळलं की त्या देशात 'वाईट नाही' याच्या वर कौतुक जात नाही. गेलं तर लोक सावरून बसतात.

मीही तिथे तेवीस मतं लिहिली आहेत. प्रत्येक मत किमान तीन पानी. मताखाली 'उपयुक्त वाटले' असं म्हणणारा एक अंगठा असतो. तेवीस मतांना मिळून मला एक अंगठा मिळाला होता, आणि तोही दुसऱ्या दिवशी काढून घेतलेला दिसला.

तर ती लाडकी मालिका म्हणजे 'मिस्टर पेंडलबरी इज नॉट अ‍ॅट होम'. बेचाळीस वर्षांपूर्वीची. पेंडलबरी नावाचा निवृत्त पोस्टमास्तर, त्याची बायको एडना आणि घरासमोरचा दिव्याचा खांब. खांबाचा उजेड ह्याच्या डोळ्यांवर येतो म्हणून तो खांब दोन फूट सरकवावा असा अर्ज म्हातारा नगरपालिकेला देतो. पुढे काही होत नाही, आणि ते सहा भाग चालतं. सहाच! आपल्याकडे सहाव्या भागापर्यंत नायिकेच्या सासूची ओळखसुद्धा पुरी झालेली नसते.

आता मूळ मुद्दा सांगतो. तो मला सांगायला आवडत नाही.

एका रविवारी शेजारचे लखन आले होते. त्यांचं द्राक्षबागेच्या औषधांचं दुकान आहे, त्यामुळे कुठल्याही रोगावर उपाय सुचवायची त्यांना सवय आहे. मी त्यांना पेंडलबरीचं मर्म समजावून देत होतो, तेवढ्यात माझी बायको सविता चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, "लखनभाऊ, यांना एक विचारा. सहा वर्षं बघताहेत. एकदा तरी हसलेत का?"

"अगं, हा विनोद खदाखदा हसायचा नसतो," मी म्हणालो. "आतून हसायचा असतो."

"आतून हसले तरी पोट हलतं, अहो. मी रोज शेजारी बसून भाजी निवडते. तुमचं पोट हलत नाही. तुम्ही नुसती मान डोलावता, कीर्तनाला बसल्यासारखी."

मी तिला निरुत्तर करणारं काहीतरी बोललो असेन, आता आठवत नाही. पण तीर वर्मी लागला होता. कारण ते खरं होतं. मला त्या मालिकांनी भारावून जायला होतं, हात जोडावेसे वाटतात. हसू मात्र कधी आलं नव्हतं. पडद्याखाली येणारी अक्षरं वाचून होईपर्यंत विनोद पुढच्या खोलीत निघून गेलेला असे. तेवीस मतं लिहिलेला माणूस एकदाही हसलेला नाही, हे बाहेर फुटलं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

लखननी तिथल्या तिथे औषध सांगितलं. "काका, एकट्याला हसू येतच नसतं. फवारणीसुद्धा एकट्या झाडावर करून भागत नाही, अख्ख्या बागेवर करावी लागते. रविवारी आपली मिसळ असतेच. मिसळ झाली की हॉलमध्ये सगळ्यांना दाखवा. चार लोक हसले की तुम्हीपण हसाल."

पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या मोगरा संकुलात महिन्यातून दोन रविवारी सामुदायिक मिसळ असते. मला कल्पना पटली. शिवाय माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती. लोकांची मतं लेखी घ्यायची! इंग्लंडच्या प्रेक्षकांसारखी, सहीनिशी. परवानगीसाठी मी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नवनाथराव बोरस्ते यांच्याकडे गेलो. नवनाथराव कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी ते आधी अर्ज द्या म्हणतात, असं लोक सांगतात.

"दाखवायला हरकत नाही," ते म्हणाले. "पण लेखी मतं कुठे घेणार?"

"एखादी वही आणतो."

नवनाथरावांनी चष्मा काढला. "गायधनी, तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला मी सांगायचं? सोसायटीची नवी नोंदवही सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय उघडता येत नाही. सभा पुढच्या ऑगस्टमध्ये."

"मग सुटे कागद चालतील?"

"सुटा कागद म्हणजे पुरावा नष्ट करायची सोय. उपलब्ध वह्या दोन. पाहुण्यांची गेटवरची वही आणि तक्रारवही. पाहुण्यांच्या वहीत गाडीचा नंबर लिहावा लागतो."

अशा रीतीने इंग्लंडच्या विनोदावरची नाशिकची मतं तक्रारवहीत लिहायचं ठरलं. वहीत छापील रकाने होते. तक्रार क्रमांक, सदनिका क्रमांक, तक्रारीचे स्वरूप, कोणाविरुद्ध, केलेली कार्यवाही, आणि शेवटी 'तक्रारदाराचे समाधान झाले काय'. माझ्यातल्या आवक-जावक माणसाला ते रकाने बघून बरंच वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

पहिल्या रविवारी चाळीस माणसं जमली. मिसळ लखननी आणली, पाव नवनाथरावांनी मोजून घेतले, आणि चहा सविताकडे होता. हॉलमधला टीव्ही मुळात पार्किंगच्या कॅमेऱ्यासाठी लावलेला. त्यावर दुसरं काही लावलं तरी डाव्या कोपऱ्यात पार्किंगचा चौकोन दिसत राहतो. तो कसा घालवायचा ते फक्त कॅमेरा बसवणाऱ्याला ठाऊक, आणि तो त्र्यंबकला देवाला गेला तो गेलाच. म्हणजे उजवीकडे पेंडलबरी आणि डावीकडे आमच्या स्कूटरी.

मी उभा राहून इंग्रजी वाक्यांचा मराठी सारांश सांगत होतो. पहिले दोन भाग लोकांनी श्राद्धाला बसावं तसे शांतपणे पाहिले. जिने झाडणाऱ्या मालनबाई सांडलेलं फरसाण झाडायला आल्या होत्या, त्या झाडू टेकवून दारापाशीच बसल्या. तिसऱ्या भागात तो थोर प्रसंग आहे. पेंडलबरी नगरपालिकेच्या खिडकीपुढे उभा राहतो, आतला कारकून त्याच्याकडे बघतो, आणि तीन मिनिटं कोणीच काही बोलत नाही. मी डोळे मिटून म्हणालो, "आता बघा."

आणि हॉल फुटला! लोक मांड्यांवर थापा मारत होते, लखन खुर्चीवरून घसरले, एक आजी पदर तोंडात कोंबून हसत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जे मला सहा वर्षांत जमलं नाही ते माझ्या शेजाऱ्यांनी तिसऱ्याच भागात साधलं होतं. साहेबाच्या तीन मिनिटांच्या शांततेवर नाशिक हसलं होतं! मी डोळे उघडले तर सगळे डाव्या कोपऱ्यात बघत होते. तिथे नवनाथरावांच्या स्कूटरवर एक बकरी चढून उभी होती आणि शांतपणे सीट खात होती. वॉचमन सहादू काठी घेऊन स्कूटरभोवती प्रदक्षिणा घालत होता. नवनाथराव हॉलमधून अर्धवट मिसळ हातात घेऊन पळाले, आणि दोन मिनिटांनी तेही पडद्यावर आले. त्यावर आणखी हशा झाला.

चांगले तीन रविवार लागले सहा भाग संपायला. लोक न चुकता येत होते. मतंही लिहीत होते. ती मतं मी घरी आणून वाचली आणि माझी झोप उडाली. 'कोणाविरुद्ध' हा रकाना असल्यामुळे सगळ्यांनी कोणाविरुद्ध तरी लिहिलं होतं. लखननी लिहिलं होतं: "पहिल्या भागात खांब हलवण्याचा अर्ज दिला, सहाव्यापर्यंत हलला नाही. चौकशी व्हावी. विरुद्ध: तेथील नगरपालिका." दुसऱ्या एकाने लिहिलं: "पेंडलबरी साहेब घरात स्वेटर घालतात व खिडकी उघडी ठेवतात. एक काहीतरी करावे." पदरवाल्या आजींनी लिहवून घेतलं होतं, "बकरीचे काम फार छान. तिला शेवटपर्यंत ठेवायला हवे होते." सातव्या क्रमांकावर सदनिका तीनशे दोन, म्हणजे माझं स्वतःचं मत होतं, पुरवण्या जोडून अकरा पानी. त्यात युद्धोत्तर इंग्लंडमधल्या मध्यमवर्गाची घुसमट, शांततेचं तत्त्वज्ञान आणि खांब या प्रतीकाचे चार अर्थ होते.

आणि एकोणिसाव्या क्रमांकावर सविताच्या अक्षरात मालनबाईंचं मत होतं. त्यांनी सांगितलं तसं तिने शब्द न बदलता उतरवून घेतलं होतं.

"ती बाई सहाच्या सहा बारीला चहा करती. आन् एकदा बी तिच्या तोंडाला कप लागला नाय. लावाया गेली का म्हातारा हाक मारतो, नायतर दार वाजतं. मंग चहा निवतो, मंग ती सांडून देती. म्हाताऱ्याचा खांब हालंल न हालंल, तिला एकदा बसून चहा पिऊ द्या. विरुद्ध: म्हातारा."

मला जरा कानकोंडं झालं. मालनबाईंना इंग्रजीचा गंध नाही, आणि मी सांगत होतो तो सारांश ऐकायचंही त्यांनी दुसऱ्या भागानंतर सोडलं होतं. एवढ्या मोठ्या कलाकृतीत बाईने काय पाहिलं, तर चहा! माझ्या अकरा पानांच्या वहीत हे बरं दिसेना. मी नवनाथरावांना म्हणालो, एकोणीस नंबर खोडता येईल का.

"तक्रारवहीत खाडाखोड?" नवनाथराव म्हणाले. "गायधनी, पेन्शन यायचंय ना अजून?"

इथे हे प्रकरण संपलं असतं. पण पंधरवड्याने सहकार खात्याकडून सोसायटीच्या कागदपत्रांची तपासणी लागली. तपासायला एक किरकोळ अंगाच्या, चष्मेवाल्या बाई आल्या. त्यांनी सगळी दप्तरं पाहिली, आणि शेवटी तक्रारवही उघडली. एकतीस तक्रारी, एकाही तक्रारीवर कार्यवाही नाही. बाई वाचू लागल्या. पहिलं पान, दुसरं पान, बकरी, खांब, माझी अकरा पानं. वीस मिनिटं त्या वाचत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही. मी खुर्चीत पुढे सरकून बघत राहिलो. असा चेहरा मी फक्त साहेबाच्या मालिकेत पाहिला होता, आणि तो आमच्या पाथर्डी फाट्यावर प्रत्यक्ष बसला होता.

"तक्रारी प्रलंबित ठेवता येणार नाहीत," त्या म्हणाल्या.

"मॅडम, या तशा तक्रारी नाहीत," मी म्हणालो. "ही रसिकांची मतं आहेत."

"वही कसली आहे?"

"तक्रारीची."

"मग तक्रारी आहेत." त्यांनी शेरा लिहिला: 'संबंधितांशी पत्रव्यवहार करून पूर्तता अहवाल सादर करावा.' खाली सही केली. दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. "सहाव्या भागात खांब हलला का हो?"

"नाही, मॅडम."

"वाटलंच," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

आता संबंधित म्हणजे कोण? नवनाथरावांच्या मते पेंडलबरी. त्याचं काम करणारा नट वारल्याचं सांगितल्यावर ते म्हणाले, मग वारसांना नोटीस काढा. मालिका करणारी कंपनी तीस वर्षांपूर्वी बंद पडलेली. शेवटी मी इंटरनेटवरच्या त्या जागेवर लीड्सच्या बर्नार्डला साकडं घातलं. आमची सगळी अडचण सविस्तर लिहिली. चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं. मालिका लिहिणाऱ्या डोरीन हॅथर्ली बाई अजून हयात आहेत, वय शहाऐंशी, संगणक वापरत नाहीत, पण त्याची बहीण त्यांच्याच गावात राहते. पत्ता दिला होता. खाली लिहिलं होतं, "बकरीचं वाचलं. वाईट नाही." मी तो कागद छापून घेऊन कपाटात ठेवला आहे.

पत्राचा मसुदा मी केला. सत्तावीस वर्षांची पुण्याई त्यात ओतली. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' हे इंग्रजीत जेवढं करता येईल तेवढं केलं. एकतीस तक्रारींचा तक्ता जोडला. एकोणिसावी तक्रार इंग्रजीत करताना मी 'म्हातारा'च्या जागी 'आदरणीय मिस्टर पेंडलबरी' केलं, तर सविता मागून म्हणाली, "मालनबाईंनी असं म्हटलं नव्हतं." मला ते पुन्हा लिहावं लागलं. नवनाथरावांनी प्रत्येक पानावर सोसायटीचा शिक्का मारला आणि शेवटी 'त्वरित उत्तर अपेक्षित' असं लाल शाईने घातलं. एका शहाऐंशी वर्षांच्या बाईला लाल शाई बरी दिसत नाही, असं मी म्हणून पाहिलं. ते म्हणाले, कायद्यापुढे वय नसतं.

पोस्टात रजिस्टर करून आलो आणि मला खरं सांगायचं तर शरम वाटली. आपण ज्या दारापुढे नुसते चप्पल काढून उभे राहिलो असतो, तिथे आपण नोटीस पाठवली होती.

अडीच महिने काही आलं नाही. पूर्तता अहवालाची स्मरणपत्रं दोन आली. मग एका शनिवारी सहादू जाड लिफाफा घेऊन धावत वर आला. "साहेब, राणीचं तिकीट हाय यावर!" तिकिटावर राणी नव्हती, एक बदक होतं. पण त्याच्या आवाजातला मान योग्य होता.

रविवारी मिसळीनंतर सगळे हॉलमध्ये जमले. मालनबाईंना मी मुद्दाम बोलावून घेतलं नव्हतं. त्या फरसाण झाडायला आल्या होत्या आणि झाडू टेकवून दारापाशी बसल्या होत्या. पत्र निळ्या शाईत, हाताने लिहिलेलं होतं. अक्षर थोडं कापत होतं, पण रांग सरळ. बाईंनी आमच्या तक्त्याप्रमाणे एकतीसच्या एकतीस तक्रारींना क्रमांकवार उत्तरं दिली होती! मी आधी पानं उलटून सगळे क्रमांक मोजून पाहिले.

"वाचा, काका," लखन म्हणाले. "चहा निवतोय."

मी वाचायला लागलो. लखनच्या खांबाबद्दल बाईंनी लिहिलं होतं की तो खांब खरा आहे, त्यांच्याच घरासमोर आहे, तो हलवण्याचा अर्ज त्यांनी शेहेचाळीस वर्षांपूर्वी दिला आहे, आणि नाशिक नगरीने लक्ष घातल्याबद्दल त्या आभारी आहेत. स्वेटरबद्दल, "खिडकी बंद होत नव्हती. सुताराला बोलावलं होतं. तो दुसऱ्या मालिकेत येणार होता, ती झाली नाही." बकरीबद्दल, "माझ्या मालिकेत बकरी नव्हती. असती तर दुसरी मालिका नक्की झाली असती." या उत्तराला टाळ्या पडल्या. नवनाथरावांनी मात्र खिडकीतून आपल्या स्कूटरच्या सीटवर एक नजर टाकली.

मग सात नंबर आला. मी मनात पुढचं वाचलं आणि कागदाची घडी घालायला घेतली. पण चाळीस माणसं बघत होती आणि वाचल्याशिवाय सुटका नव्हती.

"मिस्टर गायधनींचं मत मी दोनदा वाचलं. मी एवढं सगळं लिहिलं होतं याची मला कल्पना नव्हती. अकरा पानांत एक गोष्ट लिहायची मात्र त्यांच्याकडून राहून गेली आहे. त्यांना हसू आलं का? कृपया कळवावे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सात हजार किलोमीटरवरून, अक्षर कापत असताना, त्या बाईने माझं पोट हलत नाही हे ओळखलं होतं. मी सविताकडे बघायचं टाळत होतो, तरी नजर तिकडे गेलीच, तर ती जागेवर नव्हती. चहाचा दुसरा ट्रे आणायला गेली होती.

"उत्तर वहीत द्यावं लागेल," नवनाथराव हळूच म्हणाले. "खरं तेच."

मी पुढे वाचत गेलो, आणि एकोणीस नंबरला आलो. तिथे बाईंची शाई बदलली होती. बहुतेक दुसऱ्या दिवशी लिहिलं असावं.

"श्रीमती मालन यांची तक्रार मान्य करण्यात येत आहे. प्रत्येक भागाच्या संहितेत मी एक ओळ लिहिली होती. एडना कप उचलते, कोणीतरी हाक मारतं, एडना कप ठेवते. निर्माता म्हणाला, ही ओळ काढून टाकू, कोणाच्या लक्षातही येणार नाही. मी काढू दिली नाही, कारण एडना म्हणजे माझी आई होती. निर्मात्याचं म्हणणं बेचाळीस वर्षं खरं ठरलं. परीक्षकांनी खांबावर लिहिलं, प्राध्यापकांनी शांततेवर लिहिलं. चहाबद्दल कोणी लिहील म्हणून मी वाट बघायचं सोडून दिलं होतं. मालिका तेवढ्यासाठी लिहिली होती. श्रीमती मालन यांना माझा नमस्कार सांगावा."

मी ते सगळं मराठीत सांगितलं. मी सहा वर्षं ती मालिका पाहिली, खांबाचे चार अर्थ काढले, आणि कप एकदाही पाहिला नाही. फरसाण झाडायला आलेल्या बाईने तो तीन रविवारांत पाहिला. मला मालनबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. हे मी लिहायचं म्हणून लिहीत नाही, खरोखर वाटलं.

मालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग आता लिवताल तव्हा पिऊ द्या म्हणावं तिला." आणि उठून झाडू हातात घेतला.

तेवढ्यात सविता ट्रे घेऊन आली. तिने चाळीस जणांना चहा दिला. ट्रेवर शेवटचा एक कप उरला तो घेऊन ती बसायला आली, आणि लखन म्हणाले, "काकू, इकडे जरा साखर." ती कप खिडकीत ठेवून उठली. मी त्या कपाकडे बघत राहिलो. हॉल रिकामा होईपर्यंत तो तिथेच होता आणि वर साय धरली होती.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. एकोणतीस वर्षांच्या संसारात चहा कुठे असतो हे मला माहीत नव्हतं. पहिला डबा उघडला तो मोहरीचा. दुसऱ्यात मेथ्या. गॅस पेटवायचा लायटर फ्रिजवर असतो हे शोधायला दहा मिनिटं लागली. सविता दोनदा उठायला लागली, दोन्हीदा मी ओरडलो, "बस! हलायचं नाही!" दूध उतू गेलं, ते पुसताना गाळणी सिंकमध्ये पडली, आलं किसता किसता अंगठा किसला. शेवटी कप तिच्या हातात दिला. दाराची बेल वाजली. ती अर्धवट उठली. मी म्हणालो, "वाजू दे." बाहेर नवनाथराव होते, वही घेऊन सात नंबरचं उत्तर मागायला आले होते. त्यांना मी दाराबाहेरच उभं केलं.

सविताने पहिला घोट घेतला. मग दुसरा. चहा काळा कुळकुळीत होता, वर चहापूड तरंगत होती, आणि साखर मी विसरलो होतो हे मला तेव्हा आठवलं. शेवटच्या थेंबापर्यंत तिने तो चहा प्यायला, बसून, अजिबात घाई न करता. मी समोर उभा, अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं. तिने रिकामा कप खाली ठेवला, कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तोंडावरची माशी हलली नाही.

"वाईट नाही," ती म्हणाली.

आणि मला काय झालं कळलं नाही. आधी पोट हललं, मग खांदे, मग मी ओट्याला धरून खाली बसलो. हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी, ठसका, श्वास पुरेना. सहा वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडत होतं. दाराबाहेरून नवनाथराव ओरडत होते, "गायधनी, काय झालं? डॉक्टरला बोलावू का?" सविता शांतपणे बसून माझ्याकडे बघत होती. ती हसली नाही. मुळीच हसली नाही. माझ्याच घरात एवढा थोर कलावंत राहतो याचा मला एकोणतीस वर्षं पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी कचेरीला निघताना तक्रारवही बघितली. सात नंबरच्या शेवटच्या रकान्यात, 'तक्रारदाराचे समाधान झाले काय' याच्या खाली, सविताचं अक्षर होतं.

"रविवार, सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटे. हसले. मी समोर होते."

खाली नवनाथरावांनी लिहिलं होतं, 'दाराबाहेरून ऐकले, खरे आहे', आणि शिक्का मारला होता: निकाली. एकोणीस नंबरच्या त्याच रकान्यात मालनबाईंचा अंगठा होता. त्यापुढे सविताने त्यांचं म्हणणं उतरवून घेतलं होतं.

"निम्मं समाधान झालं. तीनशे दोनवाल्या ताई प्याल्या. ती बाई राहिली."